भीमथडी घोडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राच्या या देशी घोड्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. भीमथडी घोडा म्हणजे नेमका कुठला?

भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यात तयार झालेली ही घोड्याची जात. बारामती, दौंड, इंदापूर, फलटण हा तिचा मूळ टापू, आणि तिथून पसरत ती सातारा, सोलापूर, नगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांत गेली. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. पुण्यात भरणाऱ्या जत्रेमुळे हे नाव आता खाण्यापिण्याशी जोडलं गेलंय, पण नावाचा जुना मान घोड्याचा आहे. महाराष्ट्राच्या राज्यगीतात यमुनेचं पाणी पिणारं जे तट्टू येतं, ते हेच.

२. हा घोडा आहे की तट्टू?

उंचीच्या हिशेबानं तट्टू. जगभर साधारण १४.२ हँडपेक्षा, म्हणजे १४७-१४८ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या जनावराला तट्टू म्हणतात. एक हँड म्हणजे चार इंच, आणि उंची मोजायची ती खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. भीमथडी जनावरं बहुतेक १२ ते १३ हँडच्या घरात असतात. आपल्या बाजारात उंची इंचात बोलतात, त्या भाषेत ४८ ते ५२ इंच.

‘तट्टू’ म्हटलं की काहींना जात कमी लेखल्यासारखं वाटतं. तसं काही नाही. सरकारी नोंद ‘घोडा’ या सदरात आहे आणि मेंढपाळ धनगरांच्या वाड्यावर (प्रश्न ९) सगळे घोडाच म्हणतात.

३. पाहून ओळखायचा कसा?

एका खुणेवरून ओळखता येत नाही, आणि तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा जपून राहा. पाहायचा तो एकूण बांधा. शरीर आटोपशीर, पाठ आखूड, छाती शरीराच्या मानानं खोल. पाय बारीक दिसतात, पण गुडघ्याखालची नळी कोरडी आणि कणखर असते. हात फिरवला की हाड आणि स्नायुबंध वेगवेगळे लागतात, मध्ये मऊ सूज नसते. खूर लहान, कडक, बहुधा काळसर. कान सरळ उभे, चेहरा साधा.

रंगात कुमैत आणि त्याच्या गडद छटा जास्त, म्हणजे अंग तपकिरी आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. मराठी मुलखातल्या घोड्यांची जी जुनी इंग्रजी वर्णनं आहेत, त्यांतही भीमेकाठचा घोडा मध्यम बांध्याचा, मजबूत, गडद कुमैत आणि काळ्या पायांचा असाच येतो. पण करडे आणि तांबूसही असतात, तेव्हा रंगावरून कुणाला जातीबाहेर काढू नका.

खरी ओळख चालताना पटते. खडकाळ उतारावर हे जनावर पाय टाकण्याआधी मान खाली घेऊन जागा बघतं, आणि टाकलेला पाय घसरत नाही. पाठीवर बिऱ्हाड असलं तरी. मोकळ्या मैदानात दुडक्या चालीनं पळवून दाखवलेल्या घोड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

४. मारवाडी किंवा काठियावाडीपेक्षा वेगळा कसा?

कान बघा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आतल्या बाजूला वळतात, टोकं एकमेकांना टेकतात. भीमथडीचे कान तसे नसतात. ते घोडे उंच, मान ताठ, दिमाख दाखवणारे, म्हणून वरातीत आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांचीच बोली चढते. तिथं उंची, चाल आणि नाच यांना पैसे पडतात, आणि भीमथडी तिन्हींत मागे. त्याचं मोल पोट, पाय आणि खूर यांत आहे, आणि या तीन गोष्टींना बोली लागत नाही. त्याची निम्मी कहाणी इथेच आहे.

५. ‘दख्खनी तट्टू’ म्हणतात ते हेच का?

जवळजवळ. ‘दख्खनी’ हे नाव पठारावरच्या सगळ्याच छोट्या घोड्यांना सरसकट लावलं जायचं, आणि त्यांतला भीमाकाठचा माल सर्वांत नावाजलेला. जुन्या मजकुरात दोन्ही नावं एकमेकांच्या जागी येतात. सरकारी नोंदीत नाव आहे ते भीमथडी.

६. मराठा फौजेत खरोखर हेच घोडे होते का?

हेही होते. फक्त हेच होते असं म्हणणं चूक.

मराठ्यांची लढाई वेगाची होती. हलकं सामान, तोफखाना कमी, मुक्काम मिळेल तिथे, आणि वाटेत जे मिळेल त्यावर जनावरांचा निभाव. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावांनी निजामाला दमवलं ते याच पद्धतीनं, आणि १७३७ साली त्यांची घोडदळं थेट दिल्लीच्या वेशीवर गेली तीही अशीच. अशा धावपळीत रोज चंदी, म्हणजे दाणा, मागणारा, तबेल्यात वाढलेला उंच घोडा आठवड्याभरात बसतो. कडब्यावर, काटेरी झुडपांच्या पाल्यावर, माळाच्या वाळलेल्या गवतावर तग धरणारं जनावर टिकतं. भीमथडीची कीर्ती या टिकण्याची आहे.

पण चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून अरबी घोड्यांचा व्यापार कित्येक शतकं चालत होता. सरदारांच्या पागेत अरबी, इराकी, तुर्की घोडे असत आणि त्यांची किंमतही तशीच असे. परंपरेनं सांगतात ते असं, की याच बाहेरच्या रक्ताचा स्थानिक तट्टांशी संकर होत भीमथडी घडला. उंची स्थानिक राहिली, दम बाहेरून आला.

शिवकाळातली पागेची रचना पाहिली तरी जनावराची काळजी किती बारकाईनं घेतली जायची ते दिसतं. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद नेमलेला. पाणी आणि खूर या दोन गोष्टींवर घोडदळ उभं असतं, हे ज्यानं ठरवलं त्याला घोडा कळत होता.

७. शिवाजी महाराजांची घोडी भीमथडी होती का?

मोती, विश्वास, कृष्णा अशी महाराजांच्या घोड्यांची नावं लोकांच्या तोंडी आहेत. नावावरून जात ठरत नाही, चित्रावरून तर नाहीच. ‘हीच ती महाराजांची जात’ म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर हसून पुढे व्हा.

८. मग इतका नावाजलेला घोडा दुर्मिळ का झाला?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि घोडदळं मोडली. हजारो शिलेदारांच्या, म्हणजे स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या स्वारांच्या, दारातला घोडा एका पिढीत खर्चाचा झाला. इंग्रजांना आपल्या पलटणींसाठी उंच घोडा हवा होता, म्हणून देशी घोडींवर अरबी आणि थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची इंग्रजी जात) नर लावण्याकडे कल गेला. पुढे आगगाडी, मग सडक, मग टेम्पो. ज्याचं काम गेलं, त्याची पैदास कोण सांभाळणार?

घट फक्त याच जातीत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३.४ लाख भरली, आणि २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांच्या वर आहे. सात वर्षांत जवळजवळ निम्मी.

९. आज हे घोडे कुणाकडे आहेत?

मेंढपाळ धनगरांकडे, आणि अजून ही जात आहे ती त्यांच्यामुळेच. गडकोटांवर आणि मिरवणुकांत तिचं नाव राहिलं, जनावर राहिलं ते वाड्यावर. वाडा म्हणजे इथे घर नव्हे, तर मेंढरं घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा जथा.

दिवाळीच्या आसपास हे वाडे माण, फलटण, बारामतीकडून निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही पूर्वेला वळतात. भातकापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. पाऊस लागायच्या आत परत. या सगळ्या वाटेवर पुरुष मेंढरांबरोबर आणि बाया घोड्यांबरोबर चालतात. घोडा बाईच्या ताब्यात असतो, ही गोष्ट पुस्तकांत फारशी येत नाही.

सकाळी बिऱ्हाड लादताना बघावं. आधी पाठीवर जुनी घोंगडी नाहीतर गोधडी, दुमडून जाड केलेली, म्हणजे कणा घासत नाही. तिच्यावर दोन्ही अंगांना सारख्या वजनाची ओझी, एकीकडे धान्य, एकीकडे भांडी. मग मेंढरं कोंडायचं वाघरीचं जाळं, पालाचं कापड, त्यावर उलटी बाज, बाजेच्या पायांना बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांत वर, मऊ जागी, आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू किंवा तान्हं मूल. दोर आवळताना घोडी पोट फुगवते. बाई थोडी थांबते, घोडीचा श्वास सुटू देते आणि मग शेवटची गाठ मारते. जनावर जागचं हलत नाही. स्वभावाचा असा कस रोज लागतो, आणि जे जनावर त्यात बसत नाही त्याची पैदास वाड्यावर वाढत नाही.

१०. सरकारी मान्यता मिळाली म्हणजे नेमकं काय झालं?

कर्नाल इथली राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था देशी जातींची नोंद करते. शरीरमापं, जनुकीय वेगळेपण, संख्या आणि टापू तपासून तिनं अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून क्रमांक दिला. आधीच्या सात जाती अशा: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झांस्करी. भीमथडी आठवी.

फायदा असा, की आता योजना आखताना आणि गणना करताना हा घोडा ‘अवर्णित’ या ढिगात जात नाही. एवढंच. नोंद झाली म्हणून एकही शिंगरू जास्त जन्माला येत नाही.

११. माझ्या घोड्याला भीमथडी असल्याचा दाखला मिळेल का?

वरचा क्रमांक जातीचा आहे, तुमच्या घोड्याचा नाही. ब्युरोकडून एकेका जनावराचा दाखला मिळत नाही. रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून आईबाप पडताळता येतात, पण त्यासाठी त्यांचेही नमुने हवेत. म्हणून शिंगरू झालं त्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, घोडी, नर, रंग, पायांवरचे पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंचे फोटो. पुढे कुठलीही नोंदवही सुरू झाली तर ही वहीच कामाला येईल.

१२. माथेरान-महाबळेश्वरला मुलांना बसवतात ते घोडे भीमथडीच ना?

काहींच्यात असेल. तिथली जनावरं ठिकठिकाणच्या बाजारांतून आलेली असतात, बरीचशी मिश्र. लहान आणि काटक असलं म्हणजे भीमथडी, असं नाही.

१३. मोठ्या माणसानं बसावं का? पूर्वी तर मावळे बसायचे!

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि वाद घालायच्या सुरात येतो. आधी हिशेब करू. टेपनं छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंमीत घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १४५ आणि लांबी १३५ असेल तर साधारण २४० किलो.

आजचा सर्वसाधारण दंडक असा, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशावर जाऊ नये. म्हणजे इथे ४८ किलो. बारा वर्षांचा मुलगा चालेल, त्याचा बाप नाही.

मावळ्यांचं काय? एक तर त्या काळचा शिपाई अंगानं हलका, खोगीर हलकं, सामान जेमतेम. दुसरं, फौजेत सगळेच घोडे इतके लहान नव्हते (प्रश्न ६). तिसरं, मोहिमेत किती घोडे मोडले याची पर्वा रणांगण करत नाही, तुम्हाला करायची आहे. जनावर आडवं भरलेलं, हाडानं जाड असेल तर थोडी सूट घेता येते. पाठ दाबली की ते खाली वाकत असेल, तर एक किलोचीही घेऊ नका.

१४. ओझ्याला कायद्यानं काही मर्यादा आहे का?

आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टावर ७० किलो, खेचरावर २०० आणि गाढवावर ५० किलो अशी कमाल मर्यादा दिली आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद.

मग ७० किलोचा माणूस बसवला तर चालेल? नाही. बांधलेलं ओझं आणि पाठीवर हलणारा, लगाम ओढणारा स्वार यांत फरक आहे. स्वारीसाठी वरचा प्रश्न १३ पाहा.

१५. खायला काय द्यावं? चंदी किती?

कमी द्या. काटक जनावर उपाशी मरतं त्यापेक्षा लाडानं जास्त बिघडतं, निदान शहरात तरी. पिढ्यान्‌पिढ्या माळावर चरलेल्या घोड्याला भिजवलेला हरभरा आणि गूळ रोज तोबरा भरभरून दिला, की चरबी मानेवर चढते, आणि मग एक दिवस पुढचे खूर गरम लागतात, घोडा मागच्या पायांवर भार टाकून उभा राहतो. ही खुरांच्या आतल्या पापुद्र्यांची सूज, लॅमिनायटिस. एकदा झाली की पुन्हा उलटते.

कोरडा कडबा किंवा गवत दिवसभर थोडं थोडं, समोर स्वच्छ पाणी, मिठाचा खडा. काम असेल त्या दिवशीच चंदी. दुभती आणि गाभण घोडी याला अपवाद, शेवटच्या तीन महिन्यांत तिला वाढवून द्यावं लागतं.

१६. नाल ठोकावी का?

माळावर, मातीच्या वाटेवर गरज नाही, खूर कडक असतो. रोज डांबरी रस्त्यावर चालणार असेल तर ठोका. नाल असो वा नसो, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्यायचेच.

१७. देशी आहे म्हणजे आजारी पडत नाही ना?

पडतो. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पोटशूळ: घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर येत नाही. लोळणं, कुशीकडे वळून बघणं, लीद बंद होणं दिसलं की घरगुती काढा पाजत बसू नका, डॉक्टर बोलवा. धनुर्वात: घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, खिळा लागायची वाट न पाहता लस द्या. सर्रा: घोडमाशीसारख्या चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. ताप येतो-जातो आणि जनावर खात असूनही वाळतं. चौथा ग्लँडर्स. तो माणसालाही होतो, आणि तपासणीत निघाला तर कायद्यानं जनावर मारावं लागतं. बाजारातून आणलेला घोडा रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत आपल्या दावणीला बांधू नका.

१८. विकत घेताना वय कसं ओळखायचं? आणि भोवरे पाहायचे का?

दात पाहा. समोरचे दुधाचे दात पडून पक्के यायला लागतात ते अडीच वर्षांच्या सुमाराला मधली जोडी, साडेतीनला तिच्या बाजूची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. त्यानंतर झिजेवरून अंदाज, आणि दहाच्या पुढे तो अंदाज व्यापाऱ्याच्या सोयीचा असतो.

भोवऱ्यांवरून, म्हणजे अंगावरच्या केसांच्या वळणांवरून, किंमत ठरते हे खरं. देवमण हा शुभ मानलेला भोवरा असला की दर चढतो, अशुभ मानलेला भोवरा असला की चांगली घोडी पडून राहते. जातीशी, तब्येतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. शहाण्यानं दुसऱ्या प्रकारची घोडी घ्यावी.

१९. उंची वाढवायला मारवाडी नर लावला तर?

शिंगरू देखणं होईल, विकलंही जाईल. ते भीमथडी नसेल. इतकंच असतं तर हरकत नव्हती, पण घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला फार तर एक शिंगरू देते. थोड्या उरलेल्या जातीत प्रत्येक संकर म्हणजे घोडीचं एक वर्ष जातीच्या हिशेबातून वजा. दोन-तीन पिढ्या उलट भीमथडी नर लावून रक्त परत आणता येतं का? दिसायला येतं. पण मधल्या काळात खुरांचं आणि पोटाचं काय झालं, ते डोळ्यांना दिसत नाही.

उलट टोकाची चूकही होते. एकाच नराच्या लेकी-नातींवर तोच नर फिरवणं. गावात दुसरा नर नाही, ही सबब खरी असते, तरी बाहेरून नर आणा किंवा अदलाबदल करा.

२०. पाळण्यासाठी अनुदान आहे का?

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या फेब्रुवारीत घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश झाला. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी अशांना उद्योग उभा करण्यासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. अर्जाची वाट तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरू करा. प्रकल्प अहवाल आणि बँकेचं कर्ज यांची तयारी लागते, त्यामुळे दोन घोड्या घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळापर्यंत ही योजना सहजी पोचत नाही.

२१. वाड्यावरून घोडी विकत घेतली तर संवर्धनाला हातभार लागतो ना?

बहुतेक वेळा उलटं होतं. सर्वांत चांगली, शांत, पायाची खात्रीची घोडीच तुम्हाला आवडणार, आणि नेमकी तीच वाड्यावर पैदाशीला हवी असते. ती फार्महाऊसच्या अंगणात एकटी उभी राहिली तर तिची वीण थांबली. घ्यायचंच असेल तर एक-दोन वर्षांचं नर शिंगरू घ्या, किंवा घोडी घ्या पण दरवर्षी तिला वाड्यावरच्या नराकडे न्यायचं आणि होणाऱ्या शिंगरांपैकी एक आड एक त्यांना द्यायचं, असं बोलून ठरवा. लेखी केलंत तर आणखी बरं. याहून जास्त उपयोग चराईच्या जागेचा आहे. तुमचं रान वाटेवर पडत असेल, तर पीक निघाल्यावर वाड्याला चार दिवस उतरू द्या. घोड्यांना पाणी मिळतं, तुम्हाला लेंडीखत.